उलट्या केसानं

कुत्र्याचे केस बोटांनी उपटण्याचं काम मी वीसेक वर्षं केलं, असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात, "चावत नाही का?" चावतं ना. दोन्ही हातांवर मिळून दातांच्या किती खुणा आहेत, ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. दातांची भीती कामाबरोबर मोडते. जी मोडली नाही ती भीती मीच एकदा फुशारकीनं बोललेल्या एका वाक्याची आहे. अंकाच्या संपादकांनी पत्रात "कामातले गमतीदार अनुभव लिहा" असं म्हटलंय. गमतीचं थोडंच आहे, ते आधी सांगून घेतो.

मी वणी भागातल्या जनावरांच्या एका सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होतो. शब्द भारी, काम साधं. जखमा धुवायच्या, किडे काढायचे, पट्टी बांधायची, आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची शिंगं धरून देवाचं नाव न घेता उभं राहायचं. देवाचं नाव आमच्या घरात छप्पन सालापासून बंद, त्यामुळे ती सोय मला नव्हती. कुत्र्यांचं काम हे सुटी झाल्यानंतरचं, खाणीच्या साहेबांच्या कॉलनीतलं. सरकारी नोकरानं असं खाजगी काम करू नये, हे मला माहीत होतं. आमच्या डॉक्टरांनाही बहुतेक माहीत होतं, पण ते कधी विचारत नसत आणि मी कधी सांगत नसे.

तर या कॉलनीत चिकू आला. धनबादकडून बदली होऊन आलेल्या एका साहेबांचं कुत्रं, जॅक रसेल टेरिअर. मांजरापेक्षा थोडं मोठं, पांढरंशुभ्र, कानांवर आणि शेपटीच्या मुळाशी बदामी डाग, आणि अंगात दहा कुत्र्यांचा दम. या जातीत केसांचे तीन प्रकार असतात आणि एकाच वेतातल्या पिल्लांत तिन्ही निघू शकतात. पहिला गुळगुळीत. आखूड केस, अंगाला चिकटलेले, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. "याची काही देखभाल नाही" म्हणून लोक असं कुत्रं आणतात आणि तिथंच फसतात, कारण ते बारा महिने केस गाळतं आणि ते केस गादीत सुयांसारखे रुततात. वणीच्या एका कापूस व्यापाऱ्यानं मला मुद्दाम बोलावून त्याची बैठक दाखवली होती. "भाऊ, माह्या जिनिंगात रुईमधी एवढा कचरा निघत नाही जी!" मी त्याला रबराचा ब्रश दिला आणि हात जोडले.

दुसरा प्रकार मधला. अंग आखूड केसांचं, पण भुवया आणि हनुवटीला थोडी दाढी. तिसरा खरबरीत, आणि चिकू या तिसऱ्यातला. याला वरून कडक केस असतात, नारळाच्या काथ्यासारखे, आणि त्याखाली मऊ दाट लव. वरचा केस धूळ-पाणी अडवतो, खालची लव अंगाला चिकटून राहते. वणीच्या हवेत कोळशाची धूळ इतकी की सकाळी वाळत घातलेला सदरा दुपारी राखी रंगाचा होतो. पण चिकू नुसता अंग झटकायचा आणि पुन्हा पांढरा. वर्षातून दोनदा हा वरचा केस पिकतो. पिकला की तो हाताला सैल लागतो. मग बोटांना खडूची भुकटी लावायची, चार-चार केस धरायचे आणि ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं ओढायचे. कुत्र्याला दुखत नाही. नवा कडक केस मग मुळापासून येतो. कात्री किंवा मशीन मात्र लावायचं नाही. मशीननं केस कापला जातो, मेलेलं मूळ आत राहतं, मग नुसती लवच वाढत जाते, डागांचा रंग उडतो आणि केसांचा कोट मेंढीसारखा फुसका होतो. एकदा मशीन फिरलं की तो कोट पुन्हा पहिल्यासारखा झालेला मी तरी पाहिला नाही.

हे सगळं मला साहेबांच्या मॅडमनी शिकवलं. त्यांच्यापेक्षा माझा हात लवकरच बरा बसला, हे त्याच म्हणायच्या.

चिकूला सांभाळायला शेवंता होती, जवळच्या राजूर गावची. सकाळी वावरातलं काम उरकून ती बंगल्यावर यायची. "जयभीम भाऊ" म्हणायची आणि पायऱ्यांवर बसून मांडी पुढे करायची. चिकू तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवायचा आणि मी तासभर केस उपटत असताना घोरायचा. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर तो पाच मिनिटंही टिकत नसे. शेवंताला स्वतःचं मूल नव्हतं, आणि तिचं मन कशात गुंतलंय हे तिला विचारायची गरज नव्हती.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशीवर आज फवारलं की चार दिवसांनी पुन्हा फवारायचं, तरी अळी बोंडात जिवंत. सगळ्या तालुक्याला त्या औषधाचा वास लागला होता. एसटीत बसलं तरी शेजारच्याच्या कपड्याला तोच वास. रिकामे डबे घराघरात पाण्याला लागले होते. आणि ज्यानं अळी मरते त्यानं गोचीड का मरू नये, असा सरळ हिशेब करून लोक तेच औषध पाण्यात कालवून बैलांना आणि कुत्र्यांना फासायचे. गावच्या कुत्र्यांचे केस आखूड, वरून फडकं फिरायचं, बरंचसं औषध निथळून जायचं. कुत्रं दोन दिवस सुस्त पडायचं आणि उठायचं. बघणाऱ्याला वाटायचं, चालतं. दवाखान्यात असं जनावर आलं की आम्ही रागवायचो, पण अंगवळणी पडल्यासारखं रागवायचो.

भाद्रपदात चिकूला गोचीड झाले. मी दवाखान्यात मिळते ती पावडर शेवंताला नेऊन दिली आणि लावायची कशी ते दाखवलं. अशा केसांवर वरवर लावलेलं औषध वाया जातं. केस उलटे फिरवायचे, शेपटीकडून मानेकडे, म्हणजे लव फाकते आणि कातडी दिसते. तिथं औषध बोटांनी चोळायचं, शंभर मोजेपर्यंत तसंच मुरू द्यायचं. ती लक्ष देऊन पाहत होती. शेवटी तिनं विचारलं, "भाऊ, पावडर सरली तर मंग काय लावू?"

तेव्हा मी उठलो होतो, सायकलला हात लावला होता, आणि माझ्या कलेवर मी खूश होतो. म्हणालो, "औषध कोन्तंही असो बाई, हात असाच फिरला पायजे."

हेच ते वाक्य.

दहा-बारा दिवस गेले असतील. दुपारी दवाखान्यात मॅडमचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "चिकूला काहीतरी झालंय. तोंडातून फेस येतोय, थरथरतोय, ड्रायव्हरला चावायला धावला. साहेबांनी खाणीवरून बंदूकवाला बोलावलाय. तुम्ही लवकर या." डॉक्टर लसीकरणाला दूरच्या गावी गेले होते. मी बॅग उचलली आणि सायकल हाणली.

वाटेत मला माझा मामेभाऊ दिसत होता. लहानपणी त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं, घरच्यांनी जखमेत मिरची भरली, आणि दोन महिन्यांनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तो खाटेच्या कोपऱ्यात सरकून ज्या आवाजात ओरडला, तो आवाज मी जनावरांच्या दवाखान्यात आयुष्य काढूनही विसरलो नाही. मला कुत्र्यांची सवय होती, फेसाची नव्हती. पायडल मारता मारता माझे पाय हळू पडत होते, हे खोटं कशाला सांगू. बंदूकवाला माझ्याआधी पोहोचावा, असंही एकदा मनात येऊन गेलं.

बंगल्यामागच्या सामानाच्या खोलीत चिकूला कोंडलं होतं. दाराशी खाणीचा सुरक्षारक्षक बंदूक घेऊन उभा, शेजारी ड्रायव्हर काठी घेऊन. साहेब लांब, मॅडम त्याहून लांब. शेवंता मागच्या पायरीवर डोक्यावरून पदर ओढून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"भाऊ, मांगं व्हा," रक्षक म्हणाला. "पिसाळलं हाय थे. एका गोळीचं काम हाय."

"मले पाच मिनिटं दे," मी म्हणालो.

"चावलं म्हंजे मंग? बेंबीत इंजेक्शनं घ्यान तुम्ही?"

मी पोतं हातात घेऊन आत गेलो. चिकू कोपऱ्यात पडला होता. लाळेनं छाती भिजलेली, डोळ्यांतून पाणी, मांड्यांचे स्नायू कातडीखाली वळवळत होते. मी पोतं टाकलं, मान धरली, आणि त्यानं तोंड फिरवलं. दात माझ्या अंगठ्यावरून ओरखडत गेला. रक्त फार नाही, एक रेघ आली. मामेभावाच्या पिंढरीवरची जखमही फार मोठी नव्हती.

बाहेर पळायचं सोडून मी त्याची पापणी का वर केली, ते मला सांगता येत नाही. हाताची सवय असेल. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती. फवारणीचं औषध पोटात किंवा कातडीतून गेलेल्या बैलांच्या बाहुल्या अशाच बारीक झालेल्या डॉक्टरांनी मला दाखवल्या होत्या. मी नाक त्याच्या पाठीला लावलं. वरून साबणाचा वास आला. मग केस उलटे फिरवले, लव फाकवली, आणि कपाशीवरच्या औषधाचा वास भपकन नाकात शिरला.

"पिसाळलं नाही!" मी आतूनच ओरडलो. "याले फवाऱ्याचं औषध लागलं हाय! कोनं लावलं?"

"अहो, घरात असलं औषधच नाही," मॅडम म्हणाल्या. साहेबांचा विश्वास बसत नव्हता. रक्षकानं बंदूक खाली केली नव्हती. मी चिकूला पोत्यात गुंडाळून मागच्या अंगणात आणलं आणि बॅगेतून जखमेभोवतीचे केस काढायचं मशीन काढलं. त्या कोटाला मशीन लावायचं नाही, हे जगाला सांगत फिरणारा मी. पण विष त्या लवेत मुरलं होतं आणि ती लव अंगावर असेपर्यंत ते आत जातच राहणार होतं. हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवल्या, मनगटाला सुतळी बांधली, आणि मानेपासून मशीन फिरवलं. कडक केसांचे बदामी-पांढरे पुंजके फरशीवर पडू लागले. उघडी पडलेली कातडी गुलाबी आणि इतकी पातळ दिसत होती की मला त्याच्याकडे बघवेना.

"शेवंता, साबण न् बादलीभर पानी आन," मी मान वर न करता म्हणालो.

ती उठली. नळाचा आवाज आला, मग बादली पडल्याचा. वळून पाहिलं तर ती भिंतीला धरून ओकत होती. पदर खाली आला होता. चेहरा घामानं निथळत होता, ओठांच्या कडेला लाळ. "ऊन लागलं बाप्पा," ती म्हणाली. आभाळ तर दोन दिवसांपासून भरलेलं होतं. मी जवळ जाऊन तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्याच बाहुल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या.

अर्धा तास ती माझ्यापासून दहा हातांवर बसली होती आणि मी कुत्र्याच्या पापण्या उघडत होतो.

पुढचं सगळं धावपळीत झालं. मॅडमनी तिच्या हातांवर साबणपाणी ओतलं, जीप निघाली. मागे मी, शेवंता आणि माझ्या पायाशी अर्धा भादरलेला चिकू. जनावरांचा दवाखाना वाटेत लागतो. ड्रायव्हरनं वेग कमी केला. "आधी कुत्रं उतरवू का? साहेबाचं हाय." मी म्हणालो, "सरळ माणसांच्या दवाखान्यात घे." त्या दिवशी तेवढं एक मी धड केलं.

शेवंताचं अंग थरथरत होतं, पण शुद्ध होती. खड्ड्यांतून जीप आदळत असताना तिनं माझी बाही धरली.

"भाऊ, पावडर सरलीती. आज सकाळी दिराच्या घरून फवाऱ्याचं घोटभर आनलं. पान्यात कालवलं."

"बोलू नको, शेवंता."

"तुमी सांगतलं तसंच केलं ना. उलट्या केसानं चोळलं. शंभर मोजले." तिला धाप लागली. "दोनदा मोजले. वास येऊ नये म्हनून वरून साबन फिरवला. त्याले लय तरास होऊन राह्यलता गोचिडाचा. वाचन ना थो?"

मी "व्हय" म्हणालो. ती चिकूबद्दल विचारत होती, आणि मी देत असलेलं उत्तर कुणाबद्दल होतं ते मला माहीत नाही. गावातल्यांनी वरवर फासलं म्हणून त्यांची कुत्री उठली. शेवंतानं माझ्याकडून शिकून, नीट, मायेनं, कातडीपर्यंत चोळलं. उघड्या हातांनी.

माणसांच्या वॉर्डात फवारणीचे दोघं आधीच पडलेले होते, त्यामुळे डॉक्टरांना काही समजावून सांगावं लागलं नाही. तिला तिथं जे इंजेक्शन दिलं, तेच जनावरांनाही देतात. मी एका सिस्टरला हात जोडले. तिनं माझ्याकडे पाहिलं, जीपमधल्या चिकूकडे पाहिलं, आणि त्याच्यापुरतं औषध माझ्या हातावर ठेवलं. ते मी जीपमध्येच त्याला टोचलं. मग दवाखान्याच्या नळाखाली त्याला साबणानं धुतलं. संध्याकाळपर्यंत त्याची लाळ थांबली. शेवंताचा श्वास मात्र मधूनच घरघरायचा, आणि दर घरघरीला मी भिंतीचा आधार घ्यायचो. तिच्या नवऱ्याला निरोप गेला होता, तो यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं तेव्हा मी बाहेर जाऊन रडलो.

दुपारी साहेब आणि मॅडम भेटायला आले. साहेब खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणेच विचारलं, "असं लावायला तुला कोणी सांगितलं?"

मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होतो. शेवंतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला माझी नोकरी दिसली, शाळेत जाणाऱ्या दोन पोरी दिसल्या, आमच्या डॉक्टरांचं टेबल आणि त्यावरची खाजगी कामाबद्दलची नोटीस दिसली. हे सगळं एका क्षणात दिसतं.

"कोनीच नाही साहेब," ती म्हणाली. "माह्याच डोक्यानं केलं."

मी तोंड उघडलं नाही. अंगठ्यावरच्या ओरखड्याकडे पाहत राहिलो.

ती बरी झाली, पण कामावर परत घेतली गेली नाही. "विश्वास राहिला नाही," मॅडम मला म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले होते. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवसांच्या आत मरतं, असं आम्ही शिकलो होतो. बाहुल्या पाहिल्या होत्या, वास घेतला होता, इंजेक्शनानं गुण आला होता, सगळं कळत होतं, तरी मी दहाही दिवस सुटी झाली की चिकू जिवंत आहे का हे पाहायला कॉलनीच्या फाटकापर्यंत जायचो. तो फाटकाशीच बसलेला असायचा, राजूरच्या रस्त्याकडे तोंड करून. मला पाहून उठायचा, माझ्या मागं कुणी नाही हे पाहून पुन्हा बसायचा.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी राजूरला आमचं शिबिर होतं. शेळ्यांच्या रांगेत शेवंता उभी होती, केस पिकलेले. बोटांत थोडी थरथर राहिली होती. दोर धरताना ती एक हात दुसऱ्या हाताखाली घ्यायची. "जयभीम भाऊ," म्हणाली, पहिल्यासारखंच. मी शेळीच्या पायाची जखम धुतली, गरजेपेक्षा जास्त वेळ धुतली. खरं काय ते आज सांगून टाकायचं होतं. माझ्या मागं डॉक्टर नोंदवही घेऊन उभे होते.

"चिकू कसा हाय?" तिनं विचारलं.

"बरा हाय. बदली झाली साहेबाची. नागपूरले गेले."

"केस आले का त्याले पहिल्यासारखे?"

चिकू साहेबांबरोबर गेला तोपर्यंत त्याच्या पाठीवर नुसती मऊ पांढरट लव होती. बदामी डाग पुसट झाले होते, पावसात तो भिजून कुडकुडायचा. मी किती वेळा खडू लावून बसलो, पण उपटायला कडक केसच उरला नव्हता.

"आले," मी म्हणालो.

"मंग बरं झालं," शेवंता म्हणाली आणि शेळी घेऊन गेली.

आता मी निवृत्त आहे, मुलींची लग्नं झाली, नोकरी जायची भीती उरलेली नाही. त्यामुळे हे आता लिहिलं यात धाडस काहीच नाही. तिला सांगणारा मी होतो. अंक छापून आला की एक प्रत घेऊन राजूरला जायचं, शेवंतासमोर बसून हे पहिल्यापासून वाचून दाखवायचं, असं मी ठरवलंय. बसची वेळही विचारून ठेवली आहे. मात्र ती ऐकून घेईल आणि पुन्हा "कोनीच नाही सांगतलं भाऊ" असंच म्हणेल, याची मला फार भीती वाटते.